कानाची मोजणी चुकते तेव्हा

घरबसल्या करून बघण्यासारखा एक प्रयोग सांगतो. कुणाच्याही तोंडून गाण्याच्या दोन ओळी मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. आवाज एकावर एक चढवता येतील असं एखादं अ‍ॅप उघडा आणि तीच फाइल दोनदा, बरोबर एकाखाली एक लावून वाजवा. आवाज मोठा होईल. बाकी काही नाही. दोन माणसं गाताहेत असा भास क्षणभरही होणार नाही. आता त्याच माणसाला त्याच ओळी पुन्हा गायला लावा, जमतील तितक्या तशाच. हे दुसरं रेकॉर्डिंग पहिल्यावर चढवा. या वेळी आवाज नुसता मोठा होत नाही, भरीव होतो. त्याला अंग येतं. कडा किंचित मऊ होतात, आत काहीतरी लुकलुकतं.

गळा तोच, सूर तेच, शब्द तेच. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी एक 'त' जरासा उशिरा पडला, एक सूर केसभर वर लागला, श्वास वेगळ्या जागी घेतला गेला. आवाजाला जे अंग आलं ते या चुकांमुळे.

स्टुडिओतल्या लोकांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. गायकाकडून तीच ओळ दोनदा गाऊन घ्यायची आणि दोन्ही एकत्र वाजवायची, याला ते डबल ट्रॅकिंग म्हणतात. बीटल्सच्या मंडळींना, विशेषतः जॉन लेननला, तेच तेच पुन्हा गाण्याचा कंटाळा यायचा. म्हणून १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओतल्या केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने दोन टेप मशीन जोडून एक युक्ती काढली. एकाच गायनाची दुसरी प्रत सेकंदाच्या काही शतांश भागाने मागे ठेवायची, आणि ते अंतरही सतत थोडं कमीजास्त होऊ द्यायचं. म्हणजे चुका यंत्राकडूनच करवून घ्यायच्या.

मिसळलेल्या आवाजांचं सगळं मर्म मला या प्रयोगात दिसतं. दोन आवाज तंतोतंत एक झाले तर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ते फार वेगळे राहिले तर दोन माणसं आपापलं गाताना ऐकू येतात. या दोहोंच्या मध्ये एक चिंचोळी जागा आहे. तिथे कानाला नीट ठरवता येत नाही, की हा एक आवाज आहे की दोन. अंगावर काटा येतो तो बहुतेक वेळा तिथेच. ही जागा का तयार होते, गाणारे ती कशी गाठतात आणि ऐकणाऱ्याचं त्यात काय होतं, ते पाहू.

एका आवाजात किती आवाज

सुरुवात एकट्या आवाजापासून करावी लागेल, कारण एकटा आवाज मुळात एकटा नसतोच.

समजा एक गायिका सेकंदाला २२० कंपनांचा, म्हणजे २२० हर्ट्झचा सूर लावते. तिच्या गळ्यातून फक्त २२० निघत नाही. त्याची दुप्पट ४४०, तिप्पट ६६०, चौपट ८८०, पुढे ११००, १३२० अशी अख्खी चळत एकाच वेळी निघते. यांना अंशस्वर म्हणू. तानपुरा नीट जुळला की कुणीही न छेडलेला गंधार त्यातून आपोआप बोलू लागतो आणि जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो याच चळतीतला पाचवा अंशस्वर. तारेत तो असतोच, एरवी तो वेगळा ऐकू येत नाही इतकंच.

वेगळा का ऐकू येत नाही? कारण कानामागे बसलेला मेंदू सतत गठ्ठे बांधत असतो. कानात शिरणारी हवेची लहर एकच असते. तिच्यात शेजारचं बोलणं, पंख्याची घरघर आणि गाणं सगळं कालवलेलं असतं. त्यातलं काय कुणाचं, हे मेंदू काही ठोकताळ्यांवर ठरवतो. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्रेगमन यांनी हयातीचा मोठा भाग या ठोकताळ्यांच्या अभ्यासात घालवला. ठोकताळे साधे आहेत. जे ध्वनी एकाच क्षणी सुरू होतात ते एकाच उगमाचे असावेत. ज्यांची कंपनं एकाच आकड्याच्या पटीत आहेत तेही एकाच उगमाचे. जे एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात, एकत्र थरथरतात, ते तर नक्कीच एकाचे.

शेवटच्या ठोकताळ्याचं एक सुंदर प्रात्यक्षिक स्टॅनफर्डचे संगीतकार जॉन चाउनिंग यांनी संगणकावर तयार केलं. आधी काही शुद्ध सूर एकत्र वाजतात. ऐकणाऱ्याला वाटतं, घंटा वाजली. पुढे त्या सुरांचे तीन गट केले जातात आणि प्रत्येक गटाला स्वतःचा वेगळा हलका कंप दिला जातो. त्याबरोबर घंटा विरघळते आणि तिच्या जागी तीन स्त्रिया गाताना ऐकू येतात. नवा सूर एकही घातलेला नाही. कोणाबरोबर कोण थरथरतं तेवढं बदललं, आणि मेंदूने गठ्ठे सोडून नव्याने बांधले.

एकत्र गाणारी माणसं हेच उलट्या दिशेने करतात. मेंदूचे ठोकताळे एकेक करून ती फसवत जातात.

दोन सुरांमधलं अंतर

पहिली गायिका २२० वर आहे. दुसरी तिच्या पंचमावर, म्हणजे ३३० वर गाते. दुसरीची चळत आहे ३३०, ६६०, ९९०, १३२०. पहिलीच्या चळतीशी ताडून पाहा. ६६० दोघींकडे आहे, १३२० दोघींकडे आहे. मेंदूने हे ६६० कोणाच्या गठ्ठ्यात टाकायचं? शिवाय हे सगळेच आकडे ११० च्या पटीतले आहेत. म्हणजे दोन्ही गायिका मिळून जणू ११० वर गाणाऱ्या कुणा तिसऱ्याच माणसाचे अंशस्वर असू शकतात. गठ्ठे बांधणारा बुचकळ्यात पडतो तो इथे.

जर्मन तत्त्वज्ञ कार्ल श्टुम्फ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मोजून पाहिलं. संगीत न शिकलेल्या लोकांना दोन सूर एकत्र ऐकवायचे आणि विचारायचं, एक आहे की दोन? एका सप्तकाच्या अंतरावरची जोडी सुमारे तीन चतुर्थांश वेळा 'एकच सूर' ठरली. षड्ज-पंचमाची जोडी साधारण निम्म्या वेळा. गंधाराची त्याहून कमी, आणि अगदी शेजारच्या सुरांची क्वचितच. दोन सुरांच्या कंपनांचं गुणोत्तर जितकं सोपं, तितके ते लवकर एकजीव होतात. सप्तकाचं गुणोत्तर दोनास एक, पंचमाचं तीनास दोन, शुद्ध गंधाराचं पाचास चार.

यावरून एका जुन्या नियमाचा उलगडा होतो. पाश्चात्त्य संगीतात अनेक स्वतंत्र चाली एकत्र गुंफणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात बजावलं जातं, की दोन आवाज पंचमाचं किंवा सप्तकाचं अंतर ठेवून समांतर चालवू नकोस. पुष्कळांना वाटतं, ते कानाला वाईट लागतं म्हणून. खरं तर ते फारच छान मिसळतं, आणि तीच अडचण असते. दोन आवाज इतके एकजीव होतात की एक नाहीसाच होतो, आणि चार जणांच्या गुंफणीत एकाएकी तीनच उरतात. पाइप ऑर्गन बांधणारे हाच गुण मुद्दाम वापरतात. एका पट्टीला वरच्या सप्तकांच्या आणि पंचमांच्या जादा नळ्या जोडायच्या. ऐकणाऱ्याला त्यातला पंचम वेगळा कळत नाही, मूळ सूरच जाड आणि तेजाळ वाटतो.

मग दोन आवाजांच्या लोकप्रिय जोड्या गंधाराच्या आणि त्याच्या उलट्या बाजूच्या धैवताच्या अंतरावर का रमतात, हेही लक्षात येतं. पंचम जवळजवळ विरघळतो. शेजारचा रिषभ खरखरतो. गंधार मात्र नेमका त्या चिंचोळ्या जागेत बसतो. मिसळतो, पण नाहीसा होत नाही.

आवाजांची संख्या वाढली की गंमत आणखी वाढते. संगीताच्या मानसशास्त्राचे अभ्यासक डेव्हिड ह्यूरन यांनी १९८९ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाच पोताचे अनेक आवाज एकत्र चालू असताना आत्ता किती आहेत हे सांगायचं होतं, आणि ऐकणारे संगीतातले जाणकार होते. तीन आवाजांपर्यंत मोजणी ठीक चालली. तिनाचे चार होताच चुका एकदम वाढल्या. पट्टीचे कानसेनसुद्धा तीनपर्यंत मोजतात आणि त्यापुढे 'पुष्कळ' म्हणतात. चार जणांच्या गायनात जो अथांगपणा वाटतो, त्याचा एक भाग या 'पुष्कळ'मध्ये आहे असं मला वाटतं.

पियानोला न जमणारी गोष्ट

आता थोडं सुरेलपणाबद्दल. इथे आकडे जरा बारीक आहेत, पण एक उदाहरण पुरे.

पहिली गायिका २२० वर, दुसरी गंधारावर. गुणोत्तर पाचास चार, म्हणजे दुसरीचा सूर २७५. पहिलीचा पाचवा अंशस्वर ११००, दुसरीचा चौथा अंशस्वरही ११००. दोन्ही एकमेकांवर चपखल बसतात. पण पियानोवर आणि कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, आणि त्या हिशेबाने तो गंधार २७५ नाही तर सुमारे २७७.२ वर येतो. त्याचा चौथा अंशस्वर होतो ११०९ च्या जवळ. एकीकडे ११००, दुसरीकडे ११०९. इतके जवळचे दोन ध्वनी एकत्र आले की ते कधी एकमेकांना जोर देतात, कधी मारतात, आणि फरकाच्या आकड्याइतक्या वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे नऊ वेळा, आवाज हेलकावतो. पियानोच्या प्रत्येक गंधारात ही बारीक थरथर असते. लहानपणापासून तेच ऐकल्यामुळे ती आपल्याला खुपत नाही.

गळ्याला पट्ट्या नसतात. दोन गायक एकमेकांना ऐकत असतील तर सूर केसभर खाली सरकवून ती थरथर थांबवू शकतात. ती थांबते तो क्षण ऐकण्यासारखा असतो. आधी नुसती धुसफुस चाललेली असते आणि एकदम कॅमेऱ्याचा फोकस जुळल्यासारखं होतं. ज्यांचे अंशस्वर एकमेकांवर बसले त्यांची शक्ती एकवटते आणि आवाज वरच्या बाजूला निनादू लागतो. अमेरिकेत बार्बरशॉप नावाची, वाद्यांशिवाय चार जणांनी गायची एक पद्धत आहे. तिथले गायक या क्षणाला 'कॉर्ड (म्हणजे एकत्र लागलेल्या सुरांचा गुच्छ) लॉक झाली', 'रिंग आली' असं म्हणतात आणि तासन्‌तास त्याच्याच मागे असतात. स्पर्धांमध्ये त्याचे गुण मिळतात.

याहून विलक्षण गोष्ट इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या कास्तेलसार्दो गावात आहे. तिथे ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात चार पुरुष गोलात, खांद्याला खांदा लावून गातात. सूर आणि आकार-उकार पुरते जुळले की त्या चौघांच्या वर एक पाचवा आवाज तरंगू लागतो, बारीक, बाईच्या गळ्यासारखा. गाणारे त्याला क्विंतिना म्हणतात, आणि तो मेरी मातेचा आवाज आहे अशी त्यांची भावना आहे. भौतिकशास्त्राच्या नजरेने ते चौघांचे एकमेकांवर बसलेले अंशस्वर आहेत. मला दोन्ही स्पष्टीकरणांत भांडण दिसत नाही. पाचवं माणूस तिथे नाही हे गाणाऱ्यांनाही ठाऊक असतंच, आणि तरी ते येईपर्यंत गाणं लागलं असं ते मानत नाहीत.

सूर फार जवळ आले की खरखर का वाटते, याचं उत्तर कानाच्या आत आहे. गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या नळीत एक पडदा असतो. त्याच्या वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या कंपनांना हलतात. दोन सूर पुरेसे दूर असले तर दोन स्वतंत्र जागा हलतात. फार जवळ असले तर दोघे एकाच जागेवर धक्काबुक्की करतात. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्येच खरखरीचा संबंध या हेलकाव्यांशी जोडला होता, आणि १९६५ मध्ये प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या दोन डच संशोधकांनी ती कोणत्या अंतरावर सर्वाधिक जाणवते ते मोजून दाखवलं.

स्वर आणि स्वर

मराठीत 'स्वर' हा शब्द दोन गोष्टींना आहे. सा, रे, ग हे स्वर, आणि अ, आ, इ हेही स्वर. एरवी याने घोळ होतो. आवाज मिसळण्याच्या बाबतीत मात्र भाषेने नेमकं बोट ठेवलंय, कारण नुसते गाण्यातले स्वर जुळून भागत नाही, तोंडातले स्वरही जुळावे लागतात.

कारण असं. गळ्यातून निघालेली अंशस्वरांची चळत घसा, तोंड आणि जीभ यांच्या पोकळीतून बाहेर पडते. जीभ कुठे आहे, ओठ किती गोल आहेत, जबडा किती उघडा आहे, त्यावर चळतीतले काही अंशस्वर फुगतात, काही दबतात. यालाच आपण 'आ' किंवा 'ई' म्हणून ओळखतो. एकाचा 'आ' उघडा आणि दुसऱ्याचा 'ऑ'कडे झुकलेला असेल तर दोघे अगदी सुरात असूनही मेंदू त्यांना चटकन वेगळं काढतो. म्हणून समूहगानाचे चांगले संचालक तालमीत 'सूर वर घ्या' यापेक्षा 'तुमचा आकार एकसारखा करा' हेच जास्त वेळा सांगतात. आकार जुळला की सुराची अर्धी तक्रार आपोआप मिटते.

दुसरी अडचण चमकदार आवाजांची. मोठ्या वाद्यवृंदाच्या वरून ऐकू जायचं असेल तर ऑपेराचे गायक ३००० हर्ट्झच्या आसपासचे अंशस्वर खास फुगवायला शिकतात. आवाजाला तिथे टोक येतं. समूहात मात्र हे टोक इतरांच्या आवाजातून सुईसारखं वर येतं. स्वीडनचे योहान सुंडबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच गायक एकटे गाताना आणि समूहात गाताना मोजले, तेव्हा समूहात गाताना ते टोक बोथट करून मूळ सुराला जास्त वजन देतात असं दिसलं. मोठा गायक समूहात फिका पडतो म्हणून लोक हळहळतात. पण तिथे फिकं पडण्यालाच तर कसब लागतं.

तिसरी गोष्ट कंपाची. एकल गायनात शोभणारा सेकंदाला पाच ते सात वेळा होणारा हलका कंप समूहात गोंधळ घालतो, कारण प्रत्येकाचा कंप वेगळा असतो आणि चाउनिंगच्या घंटेसारखं मेंदूला प्रत्येकाला वेगळं काढायला निमित्त मिळतं. चौथी गोष्ट व्यंजनांची, आणि यात 'स' सर्वांत द्वाड. चाळीस जणांचा 'स' किंचित मागेपुढे पडला की सापांची टोपली उघडल्यासारखं होतं. म्हणून काही संचालक चक्क दोघातिघांनाच 'स' उच्चारायला सांगतात आणि बाकीच्यांना गिळायला लावतात. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही.

एवढं सगळं करूनही चांगल्या समूहात सगळ्यांचा सूर एकच नसतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर प्रत्येक भागाला सेंट म्हणतात, आणि कसलेले गायकही एकमेकांपासून दहा-पंधरा सेंट इकडेतिकडे असतात. समूहाच्या आवाजाला जो मखमली पोत असतो तो या विखुरण्यामुळे. पहिल्या प्रयोगातल्या चुका इथे पुन्हा भेटतात.

आता भावंडांकडे वळतो, कारण या विषयावर बोलताना कुणीतरी 'रक्ताचे आवाज' असं म्हणतंच. डॉन आणि फिल एव्हर्ली हे भाऊ, बी जीज्‌मधले गिब बंधू, बीच बॉइजमधले तीन विल्सन भाऊ आणि त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह, अँड्र्यूज भगिनी, ही यादी लांब आहे. यात रक्ताचा वाटा किती? थोडा आहेच. जबड्याची, टाळूची, घशाची ठेवण सारखी असली की पोकळी सारखी, आणि पोकळी सारखी की अंशस्वरांची फुगवण सारखी. पण माझ्या मते मोठा वाटा एका घरात वाढण्याचा आहे. ज्या बोलीत 'ए' शिकले ती एक, वाक्य कुठे तोडायचं ती सवय एक, आणि एकमेकांचा श्वास कधी संपणार याचा अंदाज वर्षानुवर्षांचा. एव्हर्ली बंधू तर लहान वयातच आईवडिलांच्या रेडिओ कार्यक्रमात गात होते. उलट बाजूने पाहा. पॉल सायमन आणि आर्ट गारफंकल यांचं रक्ताचं नातं काहीच नाही. ते शाळेपासूनचे मित्र. एव्हर्लींची गाणी ऐकून ऐकून त्यांनी तो मिलाफ कमावला. म्हणजे ही गोष्ट शिकता येते. वेळ भरपूर लागतो, एवढंच.

ऐकणाऱ्याचं काय होतं

इथवर कानाची फसवणूक झाली. पण फसवणूक सुखाची का वाटावी?

बराच काळ उत्तर सोपं मानलं जात होतं. खरखर त्रासदायक असते, ती नसली की बरं वाटतं, बस्स. गेल्या काही वर्षांत हे उत्तर अपुरं ठरलं. २०१० मध्ये जॉश मॅकडर्मट आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की ज्यांना सुरेल कॉर्ड विशेष आवडतात त्यांना खरखर विशेष नावडते असं काही नाही. त्यांना आवडतं ते अंशस्वरांचं एका पटीत बसणं, म्हणजे सगळं मिळून एकच आवाज असल्यासारखं वाटणं. दोन वर्षांनी त्याला जोड मिळाली. काही लोकांना जन्मतःच सूर कळत नाहीत. त्यांना खरखर इतरांसारखीच नकोशी वाटते, पण सुरेल आणि बेसूर कॉर्डमध्ये आवडनिवड मात्र ते करत नाहीत. त्रास टळणं वेगळं आणि एकजीव होण्याचा आनंद वेगळा, हे यातून स्पष्ट झालं.

मग हा आनंद उपजत आहे का? इथे मला सगळ्यात आवडणारी हकीकत येते. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात. ते गातात, पण एकेकटे. अनेक आवाजांनी वेगवेगळे सूर एकत्र लावायची रीत त्यांच्याकडे नाही. मॅकडर्मट यांच्या गटाने त्यांना सुरेल आणि बेसूर कॉर्ड ऐकवल्या. २०१६ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की त्यांना दोन्ही सारख्याच गोड वाटल्या. खरखर मात्र त्यांनाही आवडली नाही. पुढे २०२० मध्ये त्याच लोकांना वेगळा प्रश्न विचारला गेला, श्टुम्फसारखाच. एक आवाज आहे की अनेक? आणि या वेळी त्यांचे कान पाश्चात्त्य श्रोत्यांसारखेच फसले. सुरेल जोड्या त्यांनाही जास्त वेळा एकच वाटल्या.

म्हणजे मोजणी चुकणं ही माणसाच्या कानाची घडण दिसते. ती चूक गोड मानणं हा सवयीचा, ऐकून ऐकून आलेला संस्कार. याची दुसरी बाजू बल्गेरियातल्या शोप प्रदेशात दिसते. तिथल्या बिस्त्रित्सा गावच्या बायका शेजारशेजारचे सूर मुद्दाम एकमेकींना घासत गातात आणि जी खरखर आपल्याला नको वाटेल तीच त्यांना घंटानादासारखी हवी असते. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्यांचं गाणं आहे. बालीतल्या गामेलान या वाद्यवृंदाची वाद्यं बनवणारेही त्यांच्या जोड्या किंचित बेसूर जुळवतात, म्हणजे आवाज लाटांसारखा हेलकावत राहतो. हेलकावे त्यांच्या लेखी आवाजाचा प्राण आहेत.

शहारा येण्याबद्दल दोन शब्द. जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये श्रोत्यांना विचारलं होतं, की गाण्यातल्या नेमक्या कोणत्या जागी तुमच्या अंगावर काटा येतो. हार्मनी, म्हणजे एकत्र लागलेल्या सुरांची जुळणी, अनपेक्षितपणे बदलते त्या जागा शहाऱ्याशी जोडलेल्या निघाल्या. पुढे २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी मेंदूत पाहिलं, तर आवडत्या संगीताच्या शहाऱ्याच्या क्षणी डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवत होतं, आणि तो क्षण येणार याची चाहूल लागताच मेंदूच्या दुसऱ्या भागात आधीच स्रवू लागत होतं. तो प्रयोग शब्दांविनाच्या वाद्यसंगीतावर होता, त्यामुळे गळ्यांच्या मिलाफाबद्दल तो थेट काही सांगत नाही. पण माझ्या ऐकण्याशी तो जुळतो. सतत चाललेल्या मिलाफाला कान सरावतो. काटा येतो तो मिलाफ सुरू होताना. दोघे एकाच सुरावर चाललेले असतात, आणि एका शब्दावर एक जण हळूच वर सरकतो. एकाचे दोन होतात. किंवा बऱ्याच वेळाने दोघे पुन्हा एका सुरावर येऊन मिळतात. मोजणी बदलते तिथे माणूस हलतो.

आणखी एक धागा माणसांचा आहे, सुरांचा नाही. एडवर्ड हेगन आणि ग्रेगरी ब्रायंट यांनी २००३ मध्ये तेच संगीत वाजवणाऱ्यांचा मेळ मुद्दाम कमीजास्त करून लोकांना ऐकवलं आणि विचारलं, हे वाजवणारे एकमेकांचे किती जवळचे असतील? मेळ बिघडला तशी संगीताची प्रत खाली आली, आणि त्यासरशी माणसांमधली जवळीकही कमी वाटू लागली. ऐकणारा नकळत हिशेब मांडत असतो, की इतका श्वासाला श्वास जुळायचा तर ही माणसं किती काळ एकत्र असतील. दोन आवाज एकजीव झालेले ऐकताना आपण बहुधा त्या वर्षांनाच दाद देत असतो. गाणाऱ्यांचं प्रत्यक्षात पटतं का, हा भाग निराळा. एव्हर्ली बंधू १९७३ मध्ये रंगमंचावरच वेगळे झाले आणि पुढची दहा वर्षं त्यांनी एकत्र गाणं टाळलं. रेकॉर्डमधून याचा मागमूस लागत नाही.

आता पुन्हा एक प्रयोग, हा कानांनीच करायचा. दोन आवाजांचं तुमच्या आवडीचं कुठलंही गाणं लावा आणि खालचा आवाज धरून ठेवायचा प्रयत्न करा. वरचा सहज सापडतो. मेंदू उंच आवाजाला झुकतं माप देतो, आणि लॉरेल ट्रेनर यांच्या प्रयोगांत हे काही महिन्यांच्या बाळांमध्येही दिसलंय. म्हणून गाणं गुणगुणताना आपण वरचाच आवाज गुणगुणतो आणि खालच्या गायकाचं नाव बऱ्याचदा आठवतही नाही. पहिल्या ओळीला खालचा आवाज हाती लागेल. दुसऱ्या ओळीत 'आ' लांबतो तिथे तो निसटेल. मागे जाऊन पुन्हा धरा. पुन्हा त्याच 'आ'वर निसटेल, आणि वरचा एकटाच ऐकू येईल, एका माणसाला शक्य नसतो इतका भरलेला.